रॉकेटाच्या काचेतला परशुराम

१ डिसेंबर १९६३, रविवार

शी! अंगणात पाय ठेवायची सोय राहिली नाही. लवूने मोडकी होडी आणून उभी केली आहे आणि तिच्या पोटावर रॉकेलच्या डब्यांचे पत्रे ठोकतो आहे. होडीला वर्षानुवर्षं चोपडलेलं माशाचं तेल. ऊन चढलं की वास थेट चुलीपर्यंत येतो. भातात वास, पाण्यात वास, माझ्या केसांत वास.

हे काय म्हणून विचारलं तर दात काढून म्हणतो, "वैनी, रॉकेट! ह्येच्यात बसान माणूस पृथ्वीक फेरो मारतलो!"

हा माझा धाकटा दीर. तीस वर्षांचा घोडा. मुंबईला गोदीत चांगला कामाला होता, ते सोडून दोन वर्षांमागे परत आला. येताना काय आणलं? रशियन अवकाशवीरांची वर्तमानपत्रातली कात्रणं! तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. म्हणे माणूस आत निजल्यासारखा बसणार, पट्टा बांधणार आणि जागच्या जागी आकाशात जाऊन जत्रेत परत उतरणार. लोकांना फसवायचं आणि वर टाळ्या घ्यायच्या.

५ डिसेंबर

कसालच्या गॅरेजातून ट्रकच्या स्प्रिंगचे मोडके पाटे आणले, रॉकेट हलायला. माझ्या वाळत घातलेल्या पातळावर ग्रीसचे पाच बोटांचे ठसे. धुतलं. गेले नाहीत.

८ डिसेंबर, रविवार

आज देवळात कौल लावला.

परशुराम. घ्या, लिहिलं नाव! बायकोने नवऱ्याचं नाव उच्चारू नये म्हणतात. पण नवरा आहे कुठे? लग्नाला वर्ष व्हायच्या आत परदेशी बोटीवर खलाशी म्हणून गेला. कुठल्याशा बंदरात उतरला तो बोटीवर परत चढलाच नाही. मेला की पळाला, कोणी सांगितलं नाही. यंदा बारा वर्षं झाली. बारा वर्षं पत्ता नसला म्हणजे त्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. पालाशविधी. मग तो सुटतो. आणि त्याची बायकोही सुटते — हे कोणी तोंडाने म्हणत नाही, मी म्हणते.

कारण गुरुदास. मालवणच्या दवाखान्यात कंपाउंडर आहे, बायको वारून चार वर्षं झाली. सबंध किनाऱ्यावर हा एकच मनुष्य असेल ज्याच्या सदऱ्याला मासळीचा वास येत नाही, कार्बोलिकचा येतो. त्याच्या आईने निरोप पाठवला आहे — विधी होऊ दे, मग आम्ही पाट लावायला तयार आहोत. गुरुदास म्हणतो, कोर्टाला सात वर्षं पुरतात. त्याला काय सांगू! कोर्टाचा कागद मालवणच्या कचेरीत चालतो, आमच्या पाणवठ्यावर चालत नाही. तिथे देवाचाच कौल लागतो.

तर कौल लावला. गुरवाने देवाला फुलं चिकटवली, प्रश्न केला, आणि उजवं फूल पडलं. विधी करा. सासूबाई तिथेच खांबाला टेकून बसल्या.  मला वाटलं होतं मला त्यांची दया येईल. नाही आली. मला फक्त कधी घरी जाते असं झालं होतं.

लवू मात्र देवळातून उठून गेला. तोंड असं पांढरं, जणू त्यालाच कोणी मेलास म्हणून सांगितलं. भाऊ म्हणून कधी नाव काढत नाही, आणि आज हे नाटक!

विधी शिवरात्रीनंतर.

१५ डिसेंबर

पिंगुळीहून दाजी चित्रकथीवाले आले आहेत. बापजाद्यांपासून देवादिकांची चित्रं काढणारा मनुष्य, त्याला लवूने आकाश रंगवायला बसवलंय. लांबच लांब कापड. खाली मालवणची जेटी, मग किल्ला, मग समुद्र, मग सगळी किनारपट्टी, मग पृथ्वीचा गोळा, मग काळं आभाळ आणि चंद्र. ते कापड दोन लाकडी रुळांवर गुंडाळायचं आणि रॉकेटच्या काचेमागून फिरवायचं. आतल्या माणसाला वाटावं आपण चाललो वर.

दाजींनी चंद्राला डोळे काढले. लवूने पुसायला लावले. दाजी रुसले. त्यांना चहा कोणी करून दिला? मी.

२२ डिसेंबर, रविवार

आज पहिलं उड्डाण. किळस आली.

आत खुर्ची पाठीवर आडवी टाकली आहे. माणूस आत गेला की झाकण बंद. खाली लवू दांडा धरून पाटे हलवतो, दोन स्टोव्ह भरभरतात, कोणीतरी शंख फुंकतो. आत रेडिओची जुनी बटणं, एक लाल दिवा आणि दोन दांडे. लवू पितळी कर्ण्यातून हुकूम सोडतो — "उजवो दांडो वड! आता सोड!" परत येताना खरी गंमत, म्हणे. काचेवर एक तार आडवी लावली आहे. पृथ्वीची निळी कड त्या तारेला टेकली की नेमका डावा दांडा ओढायचा. आधी ओढला तर लाल दिवा — जळालास! उशिरा ओढला तर वरून समुद्राच्या पाण्याची बादली — बुडालास! बरोबर ओढला तर घंटा.

पहिले बसले पोलीस पाटील. आत ओकले. तरीही बाहेर येऊन म्हणाले, "आणखी एकदा!" मग बुडाले. मग जळाले. मग पुन्हा रांगेत! घरी गुरं सोडायची राहिली, भाताची मळणी राहिली, आणि दिवसभर मोठमोठे बाप्ये एका पत्र्याच्या डब्यापुढे भिजून उभे! घंटा एकदाच वाजली. ज्याची वाजली तो गावातून असा फिरला, जसा खरंच चंद्रावरून आलाय.

आणि आत ओकलेलं साफ कोणी करायचं? लवूने केलं, खरं सांगायचं तर. पण वास माझ्या अंगणात!

२ जानेवारी १९६४

मी शिकवते त्या शाळेतही तेच. पाटीवर रॉकेट, भिंतीवर रॉकेट. हजेरी घेतली तर एक कार्टी म्हणते, "बाई, सीता नाय, ती जळाली." सगळ्या वर्गाला उभं केलं.

गेल्या जूनमध्ये एक रशियन बाई एकटी वर जाऊन आली, हे मीच त्यांना सांगितलं होतं. एकटी! मला तिचा हेवा वाटतो. येताना तिला कोणी विचारलं नसेल, तुझा घोव खंय?

१४ जानेवारी, संक्रांत

हळदीकुंकवाला गेले. जायला नको होतं. दरवर्षी ठरवते आणि दरवर्षी जाते.

नर्मदाकाकींच्या ओटीवर सगळ्या बसल्या. मला जागा दिली ती अगदी कडेला, विधवा बसतात त्या जागेच्या अलीकडे आणि सवाष्णी बसतात त्या जागेच्या पलीकडे. वाण देताना काकींचा हात अडखळला. द्यावं की देऊ नये? मग दिलं, पण कुंकू लावलं नाही, करंडा नुसता पुढे केला. तुझं तू लाव! हौसाबाई पदराआडून म्हणाली, "शिवरात्रीपर्यंतच गो, मगे प्रश्नच नाय." सगळ्या हसल्या. तिळगूळ तोंडात घोळत होता तो तसाच बाहेर जाऊन थुंकले.

त्या कुंकवाचा मला इतका वीट आला आहे. कपाळावर असं बसलंय जसं कोणी दुसऱ्याचं ओझं माझ्या डोक्यावर ठेवून लघवीला गेलाय आणि परत आलाच नाही. लिहिलं तेच लिहिलं. कोण वाचतंय!

१९ जानेवारी, रविवार

जत्रा. रॉकेट देवळाच्या आवारात. गावकऱ्यांनी अडवून धरलं — गाऱ्हाणं घातल्याशिवाय उडवायचं नाही! नारळ आला. मानकरी हात जोडून उभे. "बा देवा म्हाराजा! ह्या लवून जां काय रॉकेट केल्यान हा, ता वर जांवदे, आणि गेला तसा सुखरूप खाली येंवदे रे म्हाराजा!" सगळा गाव — "व्हय म्हाराजा!" रॉकेट जमिनीवरून वीतभर हलणार नाही हे बांधताना बघितलेले लोकच सगळ्यांत मोठ्याने ओरडत होते. यांना काय म्हणावं?

संध्याकाळी खरी गोष्ट घडली. सासूबाई कधी नव्हे त्या रॉकेटपाशी आल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग लवूला म्हणाल्या, "वरसून सगळा दिसता मां रे? सगळी पृथ्वी? मगे माजो परशुराम खंय आसा ता दिसात?"

मला वाटलं लवू हसेल आणि सांगेल, आये, हे चित्र आहे. तो हसला नाही. खाली बघून म्हणाला, "थांब. फुडल्या आयतवारी बांद्याची जत्रा झाली, की त्याच्या फुडल्या आयतवारी तुका बसवतंय."

म्हातारीला फसवणार! स्वतःच्या आईला!

२ फेब्रुवारी, रविवार

 

सासूबाई आज रॉकेटात बसल्या. लुगडं गच्च आवळून, देवाला हात जोडून. लवूने पाटे हळू हलवले. स्टोव्ह पेटवलेच नाहीत. कर्ण्यातून म्हणाला, "आये, आता समुद्र इलो बघ." मग कापड फिरायचं थांबवलं. परतीच्या वेळी तारेवर निळी कड येऊन गेली, सासूबाईंनी दांडा ओढलाच नाही. बादली ओतायला माणूस वर उभा होता, त्याला लवूने हातानेच थांबवलं.

झाकण उघडलं. सासूबाई बाहेर आल्या, आणि सगळ्या गावापुढे म्हणाल्या, "माजो झील जितो आसा. मी बघलंय. विधी करूचो नाय."

झालं! मला कळलं काय केलंय ते. त्या दाजीकडून चित्रात एक बोट काढून घेतली, तिच्यावर एक माणूस उभा केला. आणि म्हातारीला तो तिचा मुलगा वाटला. देवाने उजवा कौल दिला, भटजींनी दिवस धरला, सगळं झालं होतं, आणि एका चितारलेल्या बाहुल्याने माझं आयुष्य पुन्हा खुंटीला टांगलं!

मी लवूला तिथेच म्हटलं, "तुका लाज नाय?" तो रॉकेटाचे पाटे सोडत बसला. 

४ फेब्रुवारी

अंगणात बायकांची रांग! हौसाबाईला तिचा मुंबईचा मुलगा नीट जेवतो की नाही ते बघायचं आहे. रुक्मिणीला तिचा घोव दारू पितो का ते बघायचं आहे, "वरसून बाटली दिसात मां?" लवूने सगळ्यांना हाकललं. एकीला फसवून पोट भरलं वाटतं.

गुरुदासच्या आईचा निरोप आला. आम्ही किती थांबायचं ते कळवा. तिचं काय चुकलं?

७ फेब्रुवारी

लवूशी बोलणं बंद. त्याचं ताट वाढते आणि उठून जाते.

९ फेब्रुवारी, रविवार

आज लवू पाट्यांचे बोल्ट आणायला कुडाळला गेला होता. दाजी कापडाचा उडालेला रंग पुन्हा लावायला आले होते. मी कातरच घेऊन गेले. ठरवलं होतं, तो माणूस त्या कापडातून कापूनच काढायचा.

दाजींना म्हटलं, माका दाखवा. मी आत बसले. कुजकट ओला वास, कोणाकोणाच्या घामाने काळी पडलेली खुर्ची.  दाजींनी रूळ फिरवले. जेटी गेली, किल्ला गेला, आणि समुद्रात बोट आली. बोटीवर माणूस.

मी बघत राहिले. तो परशुराम नव्हताच! परशुराम तेवीस वर्षांचा, कुरळ्या केसांचा, बारीक मिशीचा, काठीसारखा. हा टकला. पोट सुटलेलं. नाकावर चष्मा.

मला हसू आलं. म्हटलं, म्हातारी कोणाही माणसाला बघून मुलगा म्हणाली! बाहेर येऊन दाजींना तसं सांगितलं. दाजींना राग आला. त्यांच्या कामाला नाव ठेवलं असं वाटलं त्यांना. म्हणाले, "माजी काय चूक? मी पयलो काढलेलो तो तरणोच होतो. कुरळे केस, मिशी, सगळा. तुमच्या दिराक पसंत पडाक नाय. म्हणालो, दाजी, असो नाय. आता तेका टक्कल पडलाहा, पोट सुटलाहा. चष्मो घाल. मी घातलो. मी खंय बघलंय तेका?"

आता तेका.

कातर तिथेच विसरले. आत्ता आठवलं.

१० फेब्रुवारी

लवूला विहिरीवर गाठलं. विचारलं, खंय बघलंस?

रडला. घोड्यासारखा मनुष्य, धोंडीवर बसून रडला. गोदीत भेटला होता म्हणे, अडीच वर्षांमागे. कोचीनच्या बोटीवर काम करतो. "थय तेची बायल आसा वैनी. पोरा आसत. मी सांगलंय, घराक चल. तर माका आयेची शपथ घातल्यान. तोंडान कोणाक सांगलंस तर आये मरात, म्हणालो. म्हणान मी मुंबय सोडलंय. थय ऱ्हवलंय आसतंय तर परत दिसलो आसतो."

"मगे चित्र कित्याक?"

"तोंडान खंय सांगलंय? कौल लावलो तेव्हा माका वाटला देव डावो देतलो. देवान उजवो दिल्यान! आग मी लावूची, वैनी. धाकटो भाव मी. जित्या भावाक आग कशी लावतलंय?"

मला त्याच्या आसवांचीही शिसारी आली. शपथ मोडली नाही म्हणून याला बरं वाटतंय! तोंड शिवून ठेवलं आणि हाताने चितारून घेतलं, म्हणजे पाप नाही. दोन वर्षं माझ्या हातचं जेवला. संक्रांतीला मी ओटीवरून थुंकून घरी आले तेव्हा हा पडवीत बसून पत्रा कापत होता, आणि याला सगळं माहीत होतं.

आणि तो! बारा वर्षं मी ज्याच्यासाठी हे कपाळ राखलं, तो कोचीनला पोट सोडून, चष्मा लावून मुलांचे शेंबूड पुसतोय. मेला असता तर मी त्याच्यासाठी रडले असते, खरंच रडले असते. लग्नातला तो मुलगा वाईट नव्हता. हा टकला कोण? याच्याशी माझं काय नातं?

लवूला एवढंच म्हटलं, आयेक सांगू नको. ती मरात.

१३ फेब्रुवारी

शिवरात्र झाली. भटजी रस्त्यात भेटले, मी दुसरीकडे बघितलं.

विधी आता कोणाचा करायचा? जित्या माणसाचा होत नाही. कोर्टात जावं तर साक्षीला लवू लागणार, आणि लवू तोंड उघडणार नाही. उघडलं तर सासूबाईंना कळणार, त्यांचा मुलगा आहे आणि त्याला आई नको आहे. तिला रोज सकाळी समुद्राकडे हात जोडताना बघते. रॉकेटात बसली तेव्हापासून ती दोन घास जास्त जेवते आहे. तिच्या तोंडचे ते घास काढायचे? आणि नाही काढले तर मी काय खायचं?

गुरुदासच्या आईला कळवलं, वाट बघू नका. शेजारच्या लक्ष्मीकडून निरोप दिला. निरोप देताना माझा आवाज अगदी सरळ होता, वर्गात गणित सांगावं तसा.

भूक नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज सकाळी सासूबाई मला न सांगता भटजींना घेऊन आल्या.

लवू पुढे झाला, तोंड उघडणार तोच त्यांनी हात वर केला. "गप. माका त्याच दिवशी कळला. चष्मो, टक्कल, पोट, असला कोणाक सुचाचा नाय. जेणी बघल्यान तेकाच म्हायत. तू आपणाहून सांगशीत म्हणान थांबलंय. म्हटलंय, जितो आसा तर येतलो कधीतरी. बायल-पोरांचा मातर सोमवारी विहिरीआडसून ऐकलंय." मग माझ्याकडे बोट केलं. " ह्या चेडवाक कळला, तरी ता माका एक शब्द बोलूक नाय. चार दिस जेवूक पण नाय."

मग भटजींकडे वळल्या. आवाज नेहमीचाच. "माजो झील मेलो. पळसाची पाना आणा. आग हो लवू लावतलो."

मी उभीच होते. माझ्याकडे आल्या. माझ्या कपाळावर त्यांचा खरखरीत हात फिरला.

"तू रडू नको गो. रडूक मी आसंय."